बाई आणि त्यांचा लॉर्ड

"हरकत आहे."

आपण मराठी माणसं येता-जाता "हरकत नाही" म्हणत असतो. चहात साखर कमी पडली, हरकत नाही. पाहुणे तासभर उशिरा आले, हरकत नाही. बाईंच्या तोंडून हे दोन शब्द मी कधी ऐकले नाहीत. त्यांची हरकत असायची, आणि ती त्या बसल्या जागेवरून, आवाज अजिबात न चढवता, चष्मा काढून त्याच्या काड्या मिटता मिटता सांगायच्या. चष्मा हातात आला की समोरच्यानं ओळखावं, आता आपलं काही खरं नाही.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. सभेत ते उभं राहिलं की निम्मे लोक घड्याळाकडे बघतात. आणि ज्या दिवशी ते येत नाही त्या दिवशी सभा वेळेवर संपते, पण घरी जाताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.

बाई दोह्यातल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायच्या. मूळच्या कराडच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. फरीज बिन ओमरान भागात आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. माझी मुलगी मुक्ता त्यांच्या वर्गात होती. माझं ऑफिस लुसैलला आणि शाळा वाटेवर, म्हणून सकाळी दोघींना शाळेत सोडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मुक्ता मागच्या सीटवर कानात गाणी घालून झोपायची. बाई पुढे बसायच्या आणि पहिल्या सिग्नलला लॉर्ड सुरू व्हायचा.

लॉर्ड म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा एक राजकारणी. त्याचं खरं नाव मी लिहीत नाही, कारण बाईही घेत नसत. त्या "आमचा लॉर्ड" म्हणायच्या, एखादी बाई दूरच्या वाया गेलेल्या दिराबद्दल बोलते त्या सुरात. कॉलेजात असताना त्यांना एम.फिल.साठी दुसराच विषय हवा होता. पण मार्गदर्शकांकडे हा एक राजकारणी कुणी न घेतल्यामुळे उरला होता. तो त्यांनी बाईंच्या पदरात घातला. पुढे लग्न झालं, एम.फिल. राहिलं, राजकारणी तेवढा बरोबर आला. बाई त्याचं चरित्र मराठीत लिहीत होत्या. कोण वाचणार, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही ऐकताय की."

तर हा लॉर्ड जन्मानं लॉर्ड नव्हता. उत्तरेकडच्या एका गावातल्या सुताच्या व्यापाऱ्याचा मुलगा. पहिल्या निवडणुकीत भाषणाला उभा राहिला तेव्हा लोकांनी त्याला सडकी अंडी मारली. आपटला. दुसऱ्या खेपेला त्याच गावात, त्याच चौकात पुन्हा उभा राहिला. हा भाग सांगताना बाई इतक्या खुलायच्या की शाळेचं वळण आलं तरी "एक चक्कर मारा" म्हणायच्या, आणि मुक्ता मागून डोळे न उघडता "मिस, वी आर लेट" म्हणायची.

पार्लमेंटात गेल्यावर त्यानं एकच धोशा लावला. मत कुणाला असावं? तेव्हा घरदार असलेल्यालाच मत होतं. शहरात येऊन भाड्याच्या खोलीत राहणारा कारागीर, कारकून, हमाल, यांना नाही. का नाही, तर त्यांचं इथं काय आहे? आज आहेत, उद्या नाहीत. लॉर्डचं म्हणणं, जो इथं घाम गाळतो तो इथला. त्यानं हे वर्षानुवर्षं सांगितलं. सभागृह त्याला हसायचं, तो बसायचा, पुढच्या अधिवेशनात पुन्हा उठायचा.

"आणि मग?" मी विचारायचो.

मग एक दिवस त्याला लॉर्ड केलं. बाईंचा आवाज तिथं कोरडा व्हायचा. त्यांना हे आधी कळलंच नव्हतं. कागदपत्रांत त्याचं नाव एकाएकी सापडेनासं झालं तेव्हा तो वारला असं समजून त्यांनी रीतसर वाईट वाटून घेतलं होतं. कितीतरी काळानं समजलं की उमराव झाल्यावर तिकडे नावच बदलतं. एका नदीकाठच्या खेड्याचं नाव घेऊन हा गृहस्थ वरच्या सभागृहात जाऊन बसला होता.

"मेला नव्हता, लॉर्ड झाला होता," बाई म्हणायच्या. "मेला असता तर माझी तक्रार नव्हती."

कारण लॉर्ड झालेल्या माणसाला खालच्या सभागृहात पाऊल टाकता येत नसे. आणि त्याला निवडणुकीत मतही देता येत नसे. ज्यानं दुसऱ्यांच्या मतासाठी आयुष्य घालवलं त्यानं स्वतःचं मत देऊन टाकून एक झगा घेतला. लाल, पांढऱ्या फरच्या किनारीचा. त्यानंतर तो एकदाच बोलल्याची नोंद होती, आणि ते भाषण सांडपाण्याच्या गटारांवर होतं. बाईंचं चरित्र इथं येऊन अडलं होतं. शेवटचं प्रकरण त्यांना लिहिता येईना. त्यानं ते पद का घेतलं, हेच त्यांना पटत नव्हतं. तो दमला असेल, असं मी एकदा सुचवून पाहिलं.

"दमला तर घरी बसायचं," त्या म्हणाल्या. "वर कशाला जाऊन बसायचं?"

आता आमच्या मंडळाबद्दल सांगतो. दोह्यात नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांचं ते छोटंसं मंडळ. पुण्या-मुंबई-नाशिकचे इंजिनिअर, तेल-वायूवाले, बँकवाले. दिवाळी, महाराष्ट्र दिन, मुलांचं वक्तृत्व, एखादी एकांकिका. मी सचिव. सचिव होण्यामागे माझी हुशारी नाही. नाही म्हटलं की मला अपराधी वाटतं, एवढंच भांडवल. तसं मला अपराधी वाटायला कारण फारसं लागत नाही. आई फोनवर "बरी आहे" म्हणाली तरी मी दिवसभर तिचा सूर आठवत राहतो.

मंडळाचं सभासदत्व कुटुंबाला मिळायचं. बायको-मुलं इथं असतील तर तुम्ही सभासद. नसतील तर तुम्ही बॅचलर. या गावात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, हे इथं राहिलेल्यांना माहीत आहे. बाईही एकट्याच, पण यजमान असतानाचं सभासदत्व त्यांच्याकडे तसंच राहिलं होतं. बालाजी बॅचलर होता. त्याला तीन मुलं, थोरली बारावीला. लातूरकडच्या अहमदपूरचा, इथं ट्रेलर चालवायचा, इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पात एका खोलीत इतर पाच जणांबरोबर राहायचा. त्याच्यासारखे पुष्कळ होते. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, क्रेनवाले. आमच्या कार्यक्रमाला ते स्वयंसेवक म्हणून यायचे. अल रय्यानच्या एका शाळेचं सभागृह आम्ही भाड्यानं घेत असू. तिथं खुर्च्या लावायच्या, स्पीकर उचलायचे, जेवण वाढायचं. मग पडद्यामागे स्वतः जेवायचं. कार्यक्रम चालू असताना ते मागच्या भिंतीला टेकून उभे असायचे. त्यांना कुणी "बसू नका" म्हटलं नव्हतं. खुर्च्या सभासदांच्या संख्येइतक्याच लावल्या जायच्या, आणि त्या लावणारे तेच असायचे.

इथला फुटबॉलचा वर्ल्ड कप व्हायला अजून काही वर्षं होती, तेव्हाच्या एका दिवाळीच्या कार्यक्रमाआधी बालाजी माझ्याकडे आला. त्यांच्या कॅम्पातले चौघे भारूड बसवत होते, दहा मिनिटं मिळतील का? मला आनंद झाला. कार्यकारिणीला विचारलं. उत्तर आलं, कार्यक्रम सभासदांच्या कुटुंबांसाठी आहे, भूमिकाही त्यांच्याच. शिवाय बायका-मुलं असतात, तेव्हा... हे शेवटचं वाक्य कुणीच पूर्ण करत नसे. मी बालाजीला सांगितलं. तो म्हणाला, "न्हाई तर न्हाई, सर. स्पीकर किती वाजता आनायचे?"

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी गाडीत बोलून बसलो. बाईंनी चष्मा काढला.

तिथून पुढे प्रत्येक वार्षिक सभेत त्यांचा ठराव येऊ लागला. इथं एकट्या राहणाऱ्या मराठी माणसालाही पूर्ण सभासदत्व आणि मत असावं. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी बाई अधिक तयारीनं आल्या आणि बोलत राहिल्या. ठराव पडला, पण तोवर जेवण गार झालं आणि मुलं झोपली. लोकांना ठरावापेक्षा ते जास्त लागलं.

आमचे अध्यक्ष वाईट नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टीत एक वाईट माणूस असला की बाकीचे सुटतात. मोठ्या हुद्द्यावरचे, दिलदार, कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः डबा घेऊन जाणारे. त्यांना फक्त भांडण सोसत नसे. तिसऱ्या वर्षीच्या सभेआधी त्यांच्या घरी कार्यकारिणी बसली होती. ते म्हणाले, आपण बाईंचा सत्कार करू. किती पिढ्या त्यांनी शिकवल्या. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि सन्माननीय सदस्यत्व. सगळ्यांना एकदम पटलं. मग कुणीतरी हसत म्हणालं की सन्माननीय सदस्याला आपल्या घटनेप्रमाणे मत नसतं आणि ठरावही मांडता येत नाही, म्हणजे सभेच्या सुरुवातीलाच सत्कार उरकला तर यंदा जेवण गरम मिळेल. सगळे हसले. मीही हसलो.

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते मी मनापासून लिहिलं, हेच त्यातलं वाईट. ढोंग म्हणून लिहिलं असतं तर निदान ते फिकं उतरलं असतं.

सभेच्या दोन दिवस आधी मी दुपारी बाईंच्या घरी गेलो. त्या पेपर तपासत होत्या. त्यांनी आधी चहा केला. मी कप हातात घेऊन सगळं सांगून टाकलं. सत्कार, शाल, मत जाणार, जेवण गरम. त्या ऐकत राहिल्या. चष्मा काढला नाही.

"मानपत्रात काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

माझ्या फोनवर होतं. मी वाचलं. परक्या वाळूत मराठी मुलांना आपला इतिहास देणारी, वगैरे.

"तो मधला भाग पुन्हा वाचा."

मी वाचला.

"शाल कसली आहे?"

काठ पैठणीचा आहे, मी सांगितलं. अध्यक्षांच्या पत्नीनं पुण्याहून आणवली आहे. बाई खिडकीकडे बघत राहिल्या. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या एसींच्या पेट्या आणि त्यांच्यातून ठिबकणारं पाणी, एवढंच दिसायचं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी पाहिलं नव्हतं. त्यांना ती शाल हवी होती. इतकी वर्षं शिकवूनही त्यांच्याबद्दल इतकं चांगलं कुणी एका जागी लिहिलं नव्हतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"आत्ता समजलं, सचिव," त्या म्हणाल्या. "त्यानं का घेतलं ते."

मी फोन खिशात टाकला.

"कुणीतरी चांगलं बोलत होतं आणि तो दमला होता. एवढंच असणार. मी उगाच इतकी वर्षं त्यात डाव शोधत बसले." मग त्या उठल्या, माझा कप उचलला. "मी दमलेली नाही."

दारापर्यंत आल्यावर त्यांनी विचारलं, हे तुम्ही मला का सांगितलंत. मला अपराधी वाटत होतं, मी म्हणालो.

"ते तुम्हाला नेहमीच वाटतं. त्याचं पुढे काय करणार आहात?"

मी जिना चढून घरी आलो.

सभा सुरू झाली. मुलं पुढे खाली बसलेली, कुटुंबं खुर्च्यांवर, बालाजी आणि मंडळी मागे भिंतीला. अध्यक्षांनी माईक हातात घेऊन बाईंना सन्माननीय सदस्यत्व जाहीर केलं आणि म्हणाले, टाळ्यांच्या गजरात या निर्णयाला मान्यता देऊ या. टाळ्या पडल्या. खूप मोठ्या पडल्या, कारण सभागृहातल्या निम्म्या मुलांना बाई शिकवत होत्या. टाळ्या थांबेपर्यंत बाई बसून राहिल्या. मग चष्मा काढला.

"हरकत आहे. टाळी म्हणजे मत नव्हे."

त्यांनी शांतपणे विचारलं की असं सदस्यत्व द्यायला सभेची मंजुरी लागते ना? लागते. मग आधी चर्चा आणि मतदान घ्या. आणि चर्चेत विरोधी बाजूनं मला बोलायचं आहे. स्वतःच्याच सत्काराच्या विरोधात भाषण मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लोकांना आधी तो विनय वाटला आणि ते कौतुकानं हसले. बाईंनी मला घटनेतलं ते कलम मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वाचलं. सन्माननीय सदस्यास मताचा व ठरावाचा अधिकार राहणार नाही. हसू कमी झालं.

अध्यक्ष अजिजीनं म्हणाले, "बाई, तुम्ही मताच्या फार वर आहात हो."

"मला वर जायचं नाही," बाई म्हणाल्या. "माझं जे काम आहे ते इथं खाली आहे. त्या भिंतीशी."

त्यांनी मागे बोट दाखवलं नाही, तरी सगळ्यांनी वळून पाहिलं. बालाजी आणि मंडळी एकदम सरळ उभी राहिली, फोटो काढतात तशी.

मग मतदान. आणि इथं आम्ही मराठी माणसांनीच करावी अशी चूक केली. बाईंच्या सत्काराविरुद्ध हात वर करणं म्हणजे बाईंचा अपमान, असं प्रत्येकाला वाटलं. त्यामुळे ज्यांना त्यांचं म्हणणं पटलं होतं त्यांनीही आदरानं बाजूनं हात वर केले. सभागृहभर हात. विरोधात एकच, बाईंचा. माझ्या एका हातात माईक होता आणि दुसऱ्यात पेन. ते खाली ठेवता आले असते.

अध्यक्ष शाल उलगडून बाईंच्या खुर्चीपाशी गेले. बाईंनी मान झुकवली नाही. तुम्ही कधी पाहिलं आहे का, शाल घालायला आलेला माणूस आणि ती न घेणारा माणूस? शाल घालायला समोरच्याची मान लागते, हे मला तोवर लक्षात आलं नव्हतं. अध्यक्ष दोन्ही हात पसरून उभे. बाई समोर बघत बसलेल्या. कुणीतरी खोकलं.

"साहेब, हात दुखतील," बाई अगदी मायेनं म्हणाल्या. "देणं तुमच्या हातात आहे, घेणं माझ्या."

अध्यक्षांनी शाल घडी करून हातावर टाकली. मग बाईंनी विचारलं, मी पद स्वीकारलेलं नाही, तेव्हा मी अजून साधी सभासद आहे ना? घटनेप्रमाणे होत्याच. त्यांनी ठराव मांडला. ठराव तिसऱ्यांदा पडला. आणि तो पडल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं की स्वयंसेवक व्हायला काय लागतं. काही लागत नाही, मी म्हणालो.

"मग माझं सभासदत्व आजपासून रद्द करा. मला तिकडे घाला."

आणि त्या उठून भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

लोकांना वाटलं, राग आहे, निवेल. पुढच्या कार्यक्रमाला मी सभागृहावर पोचलो तेव्हा ट्रकमधून खुर्च्या उतरत होत्या आणि बाई दोन्ही हातांत एकेक घडीची खुर्ची धरून आत नेत होत्या. कॉटनची साडी, पदर खोचलेला, गुडघ्याला पट्टा. बालाजी त्यांच्यामागे धावत होता. "बाई, तुमी ठिवा की. आमाला लाज वाटायली." बाई म्हणाल्या, लाज मला नाही वाटत, तुम्हाला कशी वाटते. मी पुढे होऊन एक खुर्ची घ्यायला गेलो. त्यांनी मला बाजूला केलं. "तुम्ही सभासद आहात. बसून घ्या."

त्यांनी हे सगळ्यांना म्हटलं, अगदी सौम्यपणे. अध्यक्षांचा मुलगा त्यांच्याच वर्गातला, दहावीचा. तो "मिस, प्लीज, लेट मी" म्हणत मागे लागला. "आधी त्यांना मत मिळवून दे, मग खुर्ची उचल," त्या म्हणाल्या. मुलगा तसाच वडिलांकडे गेला आणि काय बोलला कोण जाणे, पण त्या संध्याकाळी तो बसला नाही. मग त्याचे दोन मित्र उठले. मग मुक्ता. पहिली एकांकिका संपेपर्यंत भिंतीला मुलांची रांग लागली होती आणि पुढे रिकाम्या खुर्च्यांमध्ये आईबाप अंग चोरून बसले होते. आपल्या मुलांच्या बाईंनी उचललेल्या खुर्चीवर टेकून बसणं कुणालाच जमेना. बाई मात्र मजेत होत्या. एकांकिकेला मोठ्यानं हसत होत्या. शेवटी पडद्यामागे मंडळींबरोबर गार पुऱ्या जेवल्या आणि बालाजीनं तिथंच, हाताला श्रीखंड लागलेलं असताना, ते दोन वर्षं अडलेलं भारूड म्हणून दाखवलं. आम्ही पडद्याच्या या बाजूनं ऐकलं.

त्यांनी हे वर्षभर केलं. एकही कार्यक्रम चुकवला नाही. पुढच्या वार्षिक सभेत तोच ठराव अध्यक्षांनी स्वतः मांडला. त्यांनी कसलं भाषण केलं नाही, म्हणाले, "खलास. आता पुरे झालं, घेऊ या यांना आत." चर्चाही झाली नाही. ठराव मंजूर झाला तेव्हा बाई भिंतीपाशी होत्या. त्यांना त्यावर मत देता आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि कराडला परत गेल्या. कधीमधी त्यांचा आवाजी निरोप यायचा. एकदा त्यात सांगितलं की लॉर्डचं शेवटचं प्रकरण लिहून झालं. "माफ केलेलं नाही हं त्याला. पण लिहिताना शिव्या दिल्या नाहीत." छापायला कुणी तयार झालं का, मी विचारलं होतं. त्यावर उत्तर आलं नाही. मग एके दिवशी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बातमी आली. पोटाचा आजार होता म्हणे, त्यांनी कुणाला कळवलं नव्हतं. मी लुसैलच्या ऑफिसात होतो. खाली ट्राम येत-जात होती. मी उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो, कारण ऑफिसात रडायला जागा नसते.

यंदाच्या सभेत मी पहिल्यांदाच स्वतःचा ठराव मांडला. मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेच्या चषकाला बाईंचं नाव द्यावं. रात्ररात्र त्यावर विचार केला होता. वाटलं होतं, निदान एवढं तरी माझ्या हातून व्हावं. मी दोन शब्द बोललो, लोकांचे डोळे ओले झाले. अध्यक्ष म्हणाले, यावर काय चर्चा करायची, टाळ्यांच्या गजरात...

चौथ्या रांगेतून बालाजी उठला. अंगावर कंपनीचा शर्ट, सरळ ड्युटीवरून आलेला.

"बाईला इचारलं व्हतं का?"

कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, अहो, बाई आता नाहीत.

"ते म्हाईत हाय. हुत्या तवा इचारलं व्हतं तुमी. त्या न्हाई म्हनल्या. मी ऐकलंय, मी तिथं मागं हुबा व्हतो. आता न्हाईत म्हनून त्यांच्या गळ्यात घालायचं का?" त्यानं हात वर केला. "माझं मत इरोधात. मोजून घ्या."

मग त्याच्या शेजारचा वेल्डर, मग क्रेनवाला, मग ओळीनं हात वर जात राहिले. ते थांबतील असं मला वाटलं, पण पहिल्या रांगेत अध्यक्षांच्या पत्नीनंही हात वर केला. मी मोजत होतो. माझा ठराव पडला. असं हलकं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

बालाजीनं माझ्याकडे पाहिलं. "राग मानू नका, सर. कपावर नाव गेलं, की मंग मानसाशी कुनी भांडत न्हाई. कप नुसता पुसून ठिवत्यात."

मी मान हलवली. इतिवृत्तात "नामंजूर" लिहिलं आणि त्याला बसायची खूण केली. तो बसला नाही.

"आनी दुसरं एक," तो म्हणाला. "समदे कार्यक्रम शुक्रवारच्या सुट्टीलाच का? शुक्रवारी निम्म्या ड्रायव्हरांची ड्युटी असती. हे कुनी ठरवलं?"

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.